जुनी रोलेक्स डेटजस्ट १६०१, निळी डायल, बॉक्स-पेपर काहीच नाही. घेऊ का?

मनीषनगरकर

घड्याळाचा किडा जुनाच आहे, पण आतापर्यंत सेइको, एक टिसॉट आणि बाबांची फेवर ल्युबा एवढ्यावरच भागवलं. आता चाळिशी आली तर एखादी रोलेक्स हातात असावी असं डोक्यात बसलं आहे. नवीन घ्यायची ऐपत नाही आणि शोरूमच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव टाकून बसायची हौस पण नाही, म्हणून जुनीच पाहून राहिलो.

एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मुंबईचा डीलर आहे, त्याने परवा टाकली. डेटजस्ट १६०१, ३६ मिमी, स्टीलची केस, व्हाइट गोल्डची खाचाखाचांची बेझल (काचेभोवतीची कडी), ज्युबिली ब्रेसलेट, डायल निळी, उन्हात धरली की चमकते अशी. साल १९६८ म्हणतो. पेपर नाही, बॉक्स नाही. भाव ३ लाख ४० हजार, 'कालच सर्व्हिस करून आणली'. डायल नवीन दिसून राहिली म्हणून विचारलं तर म्हणे 'सर ओरिजिनल आहे, फक्त रिफिनिश्ड आहे'. पन्नास हजार टोकन आज टाका नाहीतर हैदराबादची पार्टी तयार आहे, असंही सांगून झालं.

भाव बरोबर आहे का? पेपर नसले तर किती फरक पडते? आणि नागपुरात हे घड्याळ उद्या बंद पडलं तर उघडून द्यायचं कोणाकडे? घरी बायकोला इन्व्हेस्टमेंट म्हणून सांगितलं आहे, तर त्या अंगानेही दोन शब्द बोला म्हणजे मला पुढे वाचून दाखवता येईल 😅

दहाएक्स_लूप

टोकन टाकू नका. हैदराबादची पार्टी प्रत्येक घड्याळाला असते, तिला घेऊ द्या.

मी मूळचा धरमपेठचा, सध्या पुण्यात, जुन्या रोलेक्स-ओमेगाच्या मागे बरीच वर्षं आहे म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या डीलरने एका वाक्यात सगळं सांगून टाकलंय. रिफिनिश्ड म्हणजे जुनी डायल घासून काढली, निळा रंग मारला आणि अक्षरं परत छापली. पत्रा जुना, बाकी काल-परवाचं. जुन्या घड्याळाच्या किमतीतला मोठा वाटा डायलचाच असतो, कारण मशीन दुरुस्त होतं, काच बदलता येते, ब्रेसलेटची कडी बदलता येते, पण एकदा घासलेली डायल परत १९६८ ची होत नाही. आणि निळीच का, तर १६०१ च्या साध्या चंदेरी डायली ढिगाने आहेत, निळी खपते पटकन आणि चार पैसे जास्त मिळतात.

आता फोटो मागवा, पण त्याच्या लाइटबॉक्समधले गुळगुळीत नाही, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात तिरपे काढलेले. पहिलं बघायचं ते ६ च्या खाली अगदी कडेला. त्या काळात ल्युमला, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या रंगाला, ट्रिटियम वापरायचे त्यामुळे ल्युम असलेल्या डायलवर 'टी स्विस टी' असं बारीक छापलेलं असतं, ल्युम नसलेल्या डायलवर नुसतं 'स्विस'. सत्तरच्या दशकातल्या काही डायलींवर त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक सिग्माची खूण असते, म्हणजे डायलवरच्या तासाच्या खुणांच्या कांड्या सोन्याच्या आहेत असा अर्थ, पण ६८ च्या घड्याळात ती दिसली तर प्रश्न विचारायचा. मग काट्यांकडे बघा. काट्यांच्या मधोमध ल्युमची पट्टी आहे आणि डायलवर एकाही तासाच्या टोकाला ल्युमचा ठिपका नाही, असं असेल तर काटे आणि डायल एकमेकांचे नाहीत, किंवा रंग मारताना ठिपके गेले. दोन्हीकडे ल्युम असेल तर यूव्ही टॉर्च मारून बंद करायला सांगा. जुनं ट्रिटियम टॉर्च बंद झाल्यावर लगेच विझतं, बराच वेळ हिरवं चमकत राहिलं तर ते नवीन भरलेलं आहे.

मग अक्षरं. लूपमधून (घड्याळजीच्या भिंगातून) ओरिजिनल अक्षराची कड कापल्यासारखी असते, रिफिनिशमध्ये शाई पसरलेली, 'सुपरलेटिव्ह क्रोनोमीटर' ची ओळ किंचित चढलेली, मिनिटांच्या रेघा तासाच्या कांडीच्या बरोबर मध्ये न येता बाजूला सरकलेल्या. रोलेक्सच्या मुकुटाच्या खुणेची बोटं पण बघा, छपाई वाईट असली तर ती जाडीभरडी येतात.

पेपरचं म्हणाल तर पन्नास-पंचावन्न वर्षांच्या घड्याळाला पेपर नसणं यात काही वावगं नाही, बहुतेकांना नसतात. उलट जुन्या घड्याळाबरोबर नवाकोरा बॉक्स आणि पेपर आले की मी जास्त घाबरतो, कारण ते वेगळे विकत मिळतात.

मनीषनगरकर

दादा एवढं लिहिलं त्याबद्दल आभार. फोटो झूम करून पाहिले. ६ खाली नुसतं 'स्विस' दिसते आणि काट्यांमध्ये पांढरी पट्टी आहे, डायलवर ठिपके काही दिसत नाहीत. म्हणजे हे तेच का जे तुम्ही म्हणून राहिले?

दहाएक्स_लूप

हो, तेच.

रेणुका_इतवारी

डायलबद्दल दादांनी सांगितलं ते बरोबरच आहे, मी आतल्या मशीनबद्दल सांगते. आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, आधी बाबा बसायचे आता मी पण बसते, त्यामुळे 'कालच सर्व्हिस केली' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. आलेल्या घड्याळांपैकी बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस म्हणजे मागचं झाकण उघडून दोन थेंब तेल टाकलेलं असतं, जुनं वाळलेलं तेल तसंच.

तुम्ही मनीषनगरला बसल्या बसल्या व्हिडिओ कॉलवर दोन गोष्टी तपासू शकता, त्याला पैसे लागत नाहीत. एक, चावी पूर्ण बाहेर ओढायला सांगा आणि सेकंद काटा बघा. १६०१ मध्ये त्या काळात १५७० घराण्यातलं मशीन असतं, त्यात चावी ओढली की सेकंद काटा थांबण्याची सोय १९७२ च्या सुमारास आली. म्हणजे खरोखर ६८ ची असेल तर काटा थांबायला नको, चालतच राहील. थांबला तर मशीन नंतरचं टाकलंय किंवा साल चुकीचं सांगतोय. दोन, तारीख बदलून दाखवायला सांगा. या मॉडेलला चावीने तारीख झटपट बदलत नाही, काटे फिरवून बाराच्या पुढे न्यावे लागतात. झटपट तारीख १९७७ च्या ३०३५ मशीनपासून आली. त्याने चावी अर्धी ओढून टकटक तारीख बदलून दाखवली तर आत वेगळंच काही आहे, मग पुढे बोलायचंच नाही.

हे जमलं तर मागचं झाकण उघडून फोटो मागा. द्यायला कुरकुर करतात, 'सर वॉटरप्रूफिंग जाईल' वगैरे, पण सर्व्हिस कालच झाली ना, मग उघडताना फोटो काढलाच असेल की. आत बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) बाजूला १५७० खोदलेलं दिसेल आणि वाइंडिंगची दोन लालसर चाकं दिसतील. झाकणाच्या आतल्या बाजूला त्या काळात रोमन आकड्यात तिमाही आणि पुढे साल ठोकायचे, म्हणजे III ६८ असं काहीतरी, साल पटतं का ते तिथे कळतं. गंज, खरचटलेले स्क्रू, बोटांचे डाग, सगळं फोटोत दिसतं. एखाद्या मशीनच्या स्क्रूच्या खाचा चिरडलेल्या असल्या की आमचे बाबा घड्याळ परत खोक्यात टाकतात आणि गिऱ्हाइकाला चहा पाजून पाठवतात.

टाइमग्राफरचा, म्हणजे मशीनची चाल मोजणाऱ्या यंत्राचा, फोटो पण मागा. बीट तासाला १९,८०० दिसला पाहिजे, अँप्लिट्यूड (बॅलन्सचा झोका, अंशांत) पूर्ण चावी दिल्यावर २५० च्या वर. दोनशेच्या आसपास घुटमळत असेल तर सर्व्हिस झालेली नाही, एवढं सरळ आहे.

नागपुरात कोण उघडेल विचारलंत. आमच्यासारखे साफसफाई आणि तेलपाणी करू शकतात, पण रोलेक्स कंपनी बाहेरच्या कारागिराला पार्ट देत नाही. काही मोडलं तर पार्ट काढायला दुसरं जुनं मशीन (डोनर) शोधावं लागतं नाहीतर मुंबईला सर्व्हिस सेंटरला पाठवावं लागतं. आणि तिथे बाहेरची डायल दिसली की ती बदलल्याशिवाय ते काम हातात घेत नाहीत, तेव्हा रिफिनिश्ड डायलचा खर्च तिथे परत भोगावा लागतो.

अजून एक, हे नागपूरवाल्यांसाठीच. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका हे सगळ्यांना माहीत आहे. पण कुलरसमोरच्या टेबलावर पण ठेवू नका. आमच्याकडे जून-जुलैत जेवढी घड्याळं काचेच्या आत वाफ धरून येतात त्यापेक्षा जास्त एप्रिल-मेमध्ये येतात, कुलरच्या ओल्या हवेमुळे. जुन्या केसचं रबर सील कडक झालेलं असतं, 'ऑयस्टर' लिहिलंय म्हणून पाण्यात हात घालायचा नाही.

महालचे_आजोबा

अरे बाप्पा साडेतीन लाखाची घडी. आमच्या वेळी एचएमटी जनता लग्नात मिळाली तर पोरगा चार दिवस बाही वर करून फिरे.

पण रेणुका, तुझ्या वडिलांना नमस्कार सांग, स्क्रूच्या खाचा पाहणारा माणूस आता मिळत नाही.

मनीषनगरवाल्या भाऊ, मी रोलेक्स घेऊ नको असं नाही म्हणत, पैसा तुझा आहे. पण रंगवलेल्या डायलचा धंदा काही रोलेक्सपुरता नाही. एचएमटीचं घड्याळाचं कारखानं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बंगलोरला सुरू झालं, २०१६ मध्ये सरकारने बंद केलं. कारखानं बंद झाल्यावर भाव चढला आणि इंटरनेटवर गुलाबी जनता, पोपटी जनता, तिरंग्याची जनता, देवाच्या फोटोची जनता अशा घड्या निघाल्या. कंपनीने असल्या घड्या कधी बनवल्याच नाहीत. आत मशीन खरं, १७ ज्वेलचं, बाहेर पेंटरने कमाल केलेली. विदेशातले लोक त्याला मुंबई स्पेशल म्हणते आणि घेते पण. माझ्या पुतण्याने अशी एक घेऊन दाखवली, मी म्हटलं मस्त आहे, आता भिंतीला टांग.

तुझ्या बाबांची फेवर ल्युबा आहे ना, ती कोणती आहे? सी किंग, सी चीफ? त्या कंपनीचा हिंदुस्थानाशी व्यवहार १८६५ पासूनचा, मुंबईत त्यांचं दुकान होतं, आपल्याकडे मास्तर-कारकून-स्टेशन मास्तर सगळ्यांच्या हातात तीच असे. ती कोणाकडूनही पॉलिश करून घेऊ नको आणि डायल तर बिलकुल नको. डाग पडले असतील तर पडू दे.

सदर_सीए

पैशाची बाजू कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, बायकोला वाचून दाखवायचं नसेल तर पहिला परिच्छेद सोडा.

इन्व्हेस्टमेंट हा शब्द काढून टाका. जुन्या घड्याळांचा बाजार २०२२ च्या सुरुवातीला प्रचंड वर गेला, लोकांनी रोलेक्सची डेटोना आणि पाटेक फिलिपची नॉटिलस शोरूमच्या कितीतरी पट भावात घेतल्या, आणि त्याच वर्षात भाव खाली यायला लागले. तेव्हा वरच्या टोकाला घेतलेले बरेच जण अजून लटकून आहेत. आणि हे टॉपच्या मॉडेलचं, त्यात तुमची रंगवलेली डायल. शेअर विकायला तुम्हाला फोनवर दहा सेकंद लागतात, घड्याळ विकायला परत तोच ग्रुप आणि तोच डीलर, आणि तो तेव्हा रिफिनिश्ड आहे म्हणून भाव पाडेल, आज जे सांगतोय ते तेव्हा आठवणार नाही.

आता व्यवहार. दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बंद आहे, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड. डीलर म्हणाला ना की 'कॅशमध्ये दिलं तर वीस कमी करतो' तर ते वीस तुमच्यासाठी नाहीत. बँकेतून द्या आणि बिलावर मॉडेल नंबर, सिरियल नंबर, 'डायल रिफिनिश्ड' हे शब्दशः लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर कळलंच. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विकणाऱ्याने एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घ्यायचा आहे, तुमच्या व्यवहाराला लागत नाही पण पुढे किडा वाढला तर लक्षात असू द्या, रिटर्नमध्ये परत मिळतो.

सिरियल नंबर दोन लग्सच्या (ब्रेसलेट अडकतं त्या केसच्या शिंगांच्या) मध्ये ६ च्या बाजूला असतो, ब्रेसलेट काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून ब्रेसलेट काढून फोटो मागा. तो चोरीच्या घड्याळांच्या डेटाबेसमध्ये टाकून बघता येतो, लंडनचा द वॉच रजिस्टर आहे, फी घेतात पण तीन लाखांपुढे ती फी म्हणजे काहीच नाही. नंबर घासलेला असेल तर घड्याळ कितीही सुंदर असो, हात लावू नका.

परदेशातून मागवायचा विचार येईलच कधीतरी. कुरियरने आलेल्या घड्याळावर कस्टम ड्युटी आणि वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतं, 'गिफ्ट म्हणून कमी किमतीचं लिहून पाठवतो' म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून लांब राहा, पार्सल अडकलं की निस्तरायला तुम्हीच.

दहाएक्स_लूप

सीए साहेबांच्या पहिल्या परिच्छेदावर एक जोडतो, कारण लोकांना वाटतं की अशी फसवाफसवी छोट्या ग्रुपवरच होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक १९५७ ची ओमेगा स्पीडमास्टर, २९१५-१, तपकिरी पडलेली डायल, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेली. घेणारे कोण, तर स्वतः ओमेगा कंपनी, म्युझियमसाठी. २०२३ मध्ये बाहेर आलं की ती वेगवेगळ्या घड्याळांचे पार्ट जोडून उभी केलेली होती आणि त्यात कंपनीतलेच जुने लोक असल्याचं ओमेगानेच सांगितलं. तिथे कॅटलॉग होता, तज्ज्ञ होते, सगळं होतं.

म्हणून मी ब्रँडपेक्षा विकणारा आधी बघतो. तो दोष आपणहून दाखवतो का, मागचं झाकण न विचारता उघडून दाखवतो का, आणि आपण नाही म्हटल्यावर पुढच्या वेळी नीट बोलतो का. कंपन्यांना पण हे कळलंय, रोलेक्सने डिसेंबर २०२२ पासून स्वतःचा सर्टिफाइड जुना माल काही ठरावीक दुकानांतून दोन वर्षांच्या गॅरंटीसह विकायला सुरुवात केली, पण तिथे ते सर्टिफिकेट पण किमतीत धरलेलं असतं.

केसचं कोणी बोललं नाही. लग्सच्या वरच्या कडा बघा. नवीन असताना त्यांना धार असते, वरचा भाग ब्रश केलेला, बाजू आरशासारखी, दोन्हींच्या मध्ये स्वच्छ रेघ. दरवेळी सर्व्हिसला पॉलिश मारून मारून त्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. चार लग्स वरून बघा, एकाची जाडी दुसऱ्यापेक्षा कमी असेल तर बफिंग मशीनवर बेजार केलेलं घड्याळ आहे. मला स्वतःला ओरखडे असलेली जाड केस चालते, चमकणारी बारीक केस नाही चालत. ब्रेसलेट आडवं धरून बघा, जुनं ज्युबिली पाण्याच्या धारेसारखं खाली लटकलं तर कड्या झिजल्या आहेत, ते वेगळं मोजा.

भावाचं विचाराल तर रंगवलेली डायल आणि जुळत नसलेले काटे धरून अडीचच्या वर मी एक रुपया देणार नाही, आणि अडीचला पण मशीनचे फोटो आले तरच. त्याच पैशात साध्या चंदेरी, थोड्या पिवळ्या पडलेल्या ओरिजिनल डायलची १६०१ शोधत बसलात तर थोडा धीर लागेल पण मिळेल. किंवा रोलेक्सचाच हट्ट नसेल तर साठच्या दशकातली ओमेगा कॉन्स्टेलेशन बघा, पाय-पॅन डायल (कडेकडे उतरती), मागच्या झाकणावर वेधशाळा आणि आठ चांदण्या. तांबूस रंगाचं ५६१ किंवा ५६४ मशीन, दहा कोनांची चावी, आणि प्लास्टिकच्या काचेच्या बरोबर मध्यभागी लूपमधूनच दिसणारी ओमेगाची बारीक खूण. मशीन बघायला इतकं देखणं की झाकण बंद करावंसं वाटत नाही. या घड्याळाच्या निम्म्या भावात येते. फक्त तिथे पण डायलचाच घोळ सगळ्यात जास्त, तेव्हा परत इथेच फोटो टाका.

मनीषनगरकर

अपडेट. काल रात्री व्हिडिओ कॉल केला. चावी ओढली तर सेकंद काटा थांबला! रेणुकाताई तुम्ही म्हटलं तसंच. त्याला म्हटलं भाऊ ६८ च्या मशीनमध्ये काटा थांबत नाही म्हणे, तर तो म्हणाला 'सर ७३ ची पण असू शकते, भाव तुमच्यासाठी तीन दहा'. झाकण उघडायचं नाव काढलं तर उद्या कारागीर येईल मग पाठवतो. आज दिवसभर फोटो आला नाही, ग्रुपवर मात्र तेच घड्याळ परत पडलं आहे, १९७३ म्हणून, डायलसमोर नुसतं 'ओरिजिनल'.

सोडून देऊन राहिलो. बायकोला सीए साहेबांचा पहिला परिच्छेदच वाचून दाखवला, ती म्हणे या माणसाला जेवायला बोलवा.

आजोबा, बाबांची फेवर ल्युबा सी चीफ आहे, डायलवर ९ जवळ तपकिरी डाग, काच पिवळी, चावी दिली की थोडी चालते आणि बंद पडते. रेणुकाताई, शनिवारी आणली तर पाहाल का? पॉलिश नको, डायलला हात नको, फक्त चालली पाहिजे.

रेणुका_इतवारी

आणा. दुपारी चारनंतर या, आधी बाबा दुकानात गर्दीत कोणाचंच मशीन उघडत नाहीत. थोडी चालून थांबते म्हणजे बहुतेक तेल वाळलंय, मेन स्प्रिंग पण दमली असेल, ती मिळते. काच बदलायची की नुसती घासायची ते पाहून सांगते, पण जुनी काच फेकणार नाही, पुडीत परत देईन. आणि येईपर्यंत चावी देऊन चालवून बघत बसू नका, कोरड्या मशीनचे पिव्हट (चाकांच्या आसाची टोकं) झिजतात.

महालचे_आजोबा

शनिवारी चारला मी पण येतो. सी चीफ पाहायची आहे.